मनाची चौथी विभक्ती

"टू मी इट थिंक्स दॅट रेन विल कम."

शेजारच्या सातवीतल्या मुलीच्या वहीत हे वाक्य होतं. वर तिच्याच अक्षरात मूळ मराठी: मला वाटतं, पाऊस येईल. घोरावाडीत जूनच्या संध्याकाळी हे वाक्य कुणाच्याही तोंडी असतं. घोरावडेश्वरच्या डोंगरावर ढग टेकले की लोकलमधून उतरणारी माणसं पायऱ्यांवरच थबकून एकदा वर बघतात आणि हेच म्हणतात. मी तांबडं पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं. वाक्य आजच्या इंग्रजीत चूक आहे, यात शंका नाही. पण ते अडाणीपणाने चुकलेलं नव्हतं. त्या पोरीने मराठीतलं 'मला' जपून, उचलून इंग्रजीत नेऊन ठेवलं होतं आणि इंग्रजीत त्या 'मला'साठी एके काळी खरोखरच जागा होती.

शेक्सपिअरच्या नाटकांत 'मीथिंक्स' असा एक शब्द वारंवार येतो. अर्थ 'मला वाटतं'. शब्द फोडला तर 'मी' आणि 'थिंक्स'. यातला 'मी' हा इंग्रजीतला, म्हणजे आपला 'मला'. कर्ता नाहीच, नुसतं 'मला वाटतं'. तिथे 'आय' कुठेच नाही. आपल्या शाळेत चौथी विभक्ती शिकवताना स, ला, ते घोकून घेतात. तीच चतुर्थी त्या जुन्या इंग्रजी शब्दात दडून बसली आहे.

हा एकच शब्द असता तर योगायोग म्हणून सोडून देता आला असता. पण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत मनातल्या गोष्टी सांगायची रीतच अशी होती. आज ज्याला 'आय लाइक' म्हणतात ते तेव्हा 'मला आवडतं' अशाच घडणीचं होतं. आवडणारी वस्तू कर्ता आणि ज्याला आवडते तो चतुर्थीत. भूकही 'मला लागायची'. 'इफ यू प्लीज' हे आज नुसतं सौजन्याचं बोलणं झालं आहे, पण त्याचा मूळ अर्थ 'तुम्हाला रुचत असेल तर'. 'आय लाँग फॉर यू' यातलं क्रियापद म्हणजे लांब या अर्थाचा 'लाँग'च. वेळ लांबत जातो, सरत नाही, त्यातून ओढ लागण्याचा अर्थ आला, आणि तेही आधी 'मला' लागूनच येत असे. कुणाची वाट बघत स्टेशनच्या बाकावर बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

पुढे काही शतकांत इंग्रजीची विभक्तिरूपं झिजली. शब्दाच्या शेवटावरून कर्ता कोण, कर्म कोण हे कळेनासं झालं, तेव्हा जागेवरून ओळखायची सवय लागली: क्रियापदाच्या आधी येईल तो कर्ता. मग 'मला' म्हणणारी ही सगळी माणसं हळूहळू क्रियापदाच्या आधीच्या जागी येऊन 'मी' झाली. वाटणं, आवडणं, भूक लागणं ही आपल्यावर येणारी गोष्ट होती ती आपण करायची गोष्ट झाली. मराठीत मात्र आजही मला वाटतं, मला आठवतं, मला सुचतं, मला पटतं, मला राग येतो, मला झोप येते, मला लाज वाटते. आपल्याकडे मनातली बरीचशी कामं माणूस करत नाही, ती त्याच्याकडे येतात. मला ही मांडणी फार खरी वाटते. 'सुचलं' हा शब्द ज्याने घडवला त्याने कधीतरी विहिरीवर किंवा बांधावर बसून, काही केलं नसताना काहीतरी मनात येण्याचा अनुभव नीट न्याहाळला असणार.

याहून मोठं नवल पुढेच आहे. जुन्या इंग्रजीत 'थिंक'ची दोन वेगळी क्रियापदं होती. एक साधारण 'थेंचन' असं उच्चारलं जाणारं, त्याचा अर्थ विचार करणं. दुसरं 'थुंचन'सारखं, त्याचा अर्थ वाटणं, भासणं. पहिल्याला 'मी' लागे, दुसऱ्याला 'मला'. दोघांचे उच्चार इतके जवळचे की काळाच्या ओघात ती एकमेकांत मिसळली आणि एकच 'थिंक' उरलं. 'मीथिंक्स' हा त्या दुसऱ्या, हरवलेल्या क्रियापदाचा अवशेष. मराठीने हे दोन्ही धागे वेगळे ठेवले आहेत: मला वाटतं आणि मी विचार करतो. आपलं पोर 'थिंक'पाशी अडखळतं, कारण त्याच्याकडे दोन शब्द असतात आणि इंग्रजी त्याला एकच देते.

मात्र इंग्रजीने तो फरक पुरता टाकलेला नाही, व्याकरणात लपवून ठेवला आहे. 'आय थिंक' म्हणजे मला वाटतं. 'आय अॅम थिंकिंग' म्हणजे मी विचार करतेय. शब्द एक, पण चालू काळाचा 'इंग' लागला की वाटण्याचं विचार करणं होतं. हे मी त्या मुलीला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "मग काकू, 'आय अॅम अंडरस्टँडिंग' का चालत नाही? मला समजतंय की!" प्रश्न अगदी रास्त. मराठीत मला समजतंय, मला आठवतंय, मला दिसतंय हे सगळं बिनघोर चालतं. इंग्रजीत समजणं, माहीत असणं, आठवणं, आवडणं, विश्वास असणं ही क्रियापदं सहसा 'इंग' घेत नाहीत, कारण त्या भाषेच्या हिशेबी ती घडणारी कामं नाहीत, त्या असण्याच्या अवस्था आहेत. व्याकरणाच्या पुस्तकांत अशा क्रियापदांची लांबलचक यादी देतात आणि मुलं ती घोकतात. यादीवरून नजर फिरवली तर त्यातली बहुतेक मनाचीच आहेत. एवढं सांगितलं की अर्धी यादी पाठ करायची गरज उरत नाही. आणि मला वाटतं, इथेही त्या जुन्या 'मला'ची सावली आहे: ज्या गोष्टी एके काळी माणसावर येत असत, त्यांना 'मी आत्ता करतोय' असं म्हणायला ती भाषा अजून कचरते.

'विचार' या आपल्या शब्दाविषयीही दोन शब्द. वि आणि चर्, म्हणजे निरनिराळ्या दिशांनी फिरणं. आचार, संचार, प्रचार हे सगळे त्याच चालण्यातून निघालेले. मराठीने त्यापुढे एक पाऊल टाकलं आणि त्याच शब्दातून 'विचारणं' घडवलं, म्हणजे प्रश्न करणं. ज्या भाषेत विचार करणं आणि विचारणं एकाच मुळाचं आहे, त्या भाषेतल्या मुलाला वर्गात गप्प बसवणं मला नेहमीच फार चुकीचं वाटत आलं आहे.

आता खुद्द 'माइंड'. हा शब्द आपल्या 'मन'चा सख्खा नातलग. संस्कृत मन् म्हणजे विचार करणं. त्यातून मन, मत, मती, मनन, मान, अभिमान आणि मंत्र. शस्त्र, पात्र यांतल्यासारखा '-त्र' साधन दाखवतो, म्हणून मंत्र हे मननाचं साधन. युरोपात त्याच मुळातून लॅटिन 'मेन्स' निघाला आणि त्यातून 'मेंटल'. पण इंग्रजीत 'माइंड'चा पहिला अर्थ मन नव्हता. जुन्या इंग्रजीत 'येमुंद' असं त्याचं रूप होतं आणि अर्थ आठवण. मनासाठी तेव्हा वेगळाच शब्द होता: 'मोड'. तो उतरत उतरत आज 'मूड' झाला आहे. म्हणजे आपल्याकडची कॉलेजातली मुलं 'आज मूड नाही' म्हणतात तेव्हा नकळत इंग्रजीतल्या मनाचं जुनं नाव घेतात. (इंग्रजी व्याकरणात क्रियापदाचा 'मूड' असतो, आपण ज्याला आज्ञार्थ, विध्यर्थ म्हणतो तो, त्याचा या 'मूड'शी मुळात संबंध नाही, तो लॅटिन 'मोडस'वरून आला आणि या शब्दाच्या ओढीने त्याचं रूप बदललं.)

'माइंड' म्हणजे आठवण हे एकदा कळलं की वाक्प्रचारांचं जंगल मोकळं होतं. 'कीप इन माइंड': आठवणीत ठेव. 'इट स्लिप्ड माय माइंड': आठवणीतून निसटलं. 'रिमाइंड': पुन्हा आठवणीत आण. आठवण ठेवायची तर लक्ष द्यावं लागतं, म्हणून 'माइंड' म्हणजे लक्ष देणं, सांभाळणं. लंडनच्या भुयारी रेल्वेत १९६८ पासून ऐकू येणारं 'माइंड द गॅप' हे याच अर्थाचं; फलाट आणि डबा यांतल्या फटीकडे लक्ष द्या. लक्ष देता देता खटकण्याकडे लक्ष गेलं आणि 'माइंड'ला हरकत घेण्याचा अर्थ आला.

आणि तिथेच आपल्या मुलांची सगळ्यात जास्त तारांबळ उडते. "वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?" याला आपलं मूल उत्साहाने 'येस' म्हणतं आणि उठून खिडकी उघडतं, तोंडाने मात्र ते 'हो, मला अडचण आहे' असं बोलून बसलेलं असतं. मी शिकवताना तो शब्दच बदलते. 'खिडकी उघडायला तुमची हरकत आहे का?' असं मराठीत ऐकलं की 'नाही' हे उत्तर आपसूक तोंडात येतं. 'माइंड'नंतर 'टू ओपन' न येता 'ओपनिंग' येतं, तेही 'उघडण्याला हरकत' असं मनात धरलं की सोपं जातं. 'हरकत' हा शब्दही फिरून आलेला. अरबीत त्याचा अर्थ हालचाल. मराठीत आला तो अडथळा, आक्षेप होऊन. आणि गाण्याच्या बैठकीत हरकत म्हणजे गवयाने स्वरांना दिलेली ती छोटीशी नाजूक कलाटणी. तिथे मूळची हालचाल अजून जिवंत आहे.

मन् या धातूची पिल्लं कुठे कुठे गेली हे बघायला लागलं की संध्याकाळ पुरत नाही. आपला 'मंत्री' मलाय भाषेत 'मेंतरी' झाला. पोर्तुगीज मलाक्क्याच्या बाजूला पोहोचले, त्यांनी तो उचलला, आपल्या 'हुकूम देणं' या अर्थाच्या क्रियापदाशी त्याची सांगड घातली आणि चिनी अधिकाऱ्यांना 'मंदारिम' म्हणू लागले. त्यातून इंग्रजी 'मँडरिन' आला आणि पुढे त्या अधिकाऱ्यांची भाषाही मँडरिन ठरली. वर्गातला 'मॉनिटर' म्हणजे लॅटिनमध्ये आठवण करून देणारा, सावध करणारा. 'अॅम्नेस्टी' म्हणजे सरकारने दिलेली माफी, ग्रीकमध्ये विसरून जाणं. आणि 'ऑटोमॅटिक'चा मूळ ग्रीक अर्थ स्वतःच्या मनाने चालणारं. आपण नाही का म्हणत, 'पंखा आपल्या मनाने बंद पडला'? ती मुलगी हे ऐकून इतकी खूश झाली की तिने वहीच्या मागच्या पानावर स्वतंत्र यादीच सुरू केली.

त्या यादीत माझ्या आवडीचे दोन शब्द इंग्रजी नाहीत. एक 'दुश्मन'. फारसीतून आपल्याकडे आला. 'दुश्' म्हणजे वाईट आणि 'मन' म्हणजे मनच. संस्कृतातल्या 'दुर्मनस्'चा जुळा भाऊ. आपण इतकी शतकं हा शब्द वापरतो आणि त्यात आपलंच मन बसलेलं आहे हे ध्यानातही येत नाही. दुसरा 'बहमन'. अवेस्तेत, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, 'वोहू मनह्' म्हणजे चांगलं मन. त्याचं पुढे बहमन झालं. पारशी पंचांगातल्या अकराव्या महिन्याचं हे नाव. १३४७ मध्ये दख्खनेत गादी स्थापणाऱ्या हसनने प्राचीन इराणी राजा बहमन याच्याशी आपलं कुळ जोडलं आणि त्याचं घराणं बहमनी म्हणवलं जाऊ लागलं. आमच्या मावळातला लोहगड एके काळी या बहमनींच्या ताब्यात होता. म्हणजे मराठी मुलाच्या इतिहासाच्या पुस्तकात वाईट मनाचा दुश्मन आणि चांगल्या मनाचा बहमनी दोघेही शेजारी नांदतात.

पण दिसतं ते सगळं मन नसतं. 'मनसुबा' मनातला बेत खरा, पण शब्द अरबी. तिथे त्याचा अर्थ मांडलेला डाव, बुद्धिबळातला पेच. 'मनसबदार' त्याच अरबी मुळाचा. 'मनाई'ही अरबी. 'अनुमान' तर अस्सल संस्कृत, तरी तो मन्‌चा नव्हे. मा म्हणजे मोजणं, त्यातला. शब्द शिकवताना अशी फसवी नाती सांगायलाच हवीत. नाहीतर मुलांना वाटतं की सारखं ऐकू आलं म्हणजे एका घरचं.

मराठी 'मन' आणि इंग्रजी 'माइंड' सख्खे असले तरी त्यांचे संसार वेगळे झाले. मोल्सवर्थने आपल्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत 'मन'पुढे वाक्प्रचारांची रांग लावली आहे आणि ती वाचताना दमछाक होते. मन लागतं, उडतं, बसतं, रमतं, विटतं. मन मारता येतं, मोडता येतं, राखता येतं. माणूस मनात भरतो आणि मनातून उतरतो. गोष्ट मनावर घेता येते आणि ती मनाला लागतेही. आणि चूक केली असेल तर आतून मन खातं. यातलं एकही 'माइंड' घालून इंग्रजीत नेता येत नाही. उलट 'गिव्ह अ पीस ऑफ माइंड' म्हणजे मनाचा तुकडा देणं नव्हे, चांगलं खडसावणं. तिथला 'पीस' आणि मनःशांतीतला 'पीस' कानाला एकच, पण स्पेलिंग वेगळं आणि अर्थ तर पार उलट टोकांचे.

शिवाय मराठी माणूस सगळा भार एकट्या मनावर टाकत नाही. काळजी लागते ती जिवाला. जिवाला घोर लागतो, जीव टांगणीला लागतो आणि मुलगी उशिराच्या लोकलने सुखरूप उतरली की जीव भांड्यात पडतो. गुपित पोटात ठेवायचं असतं, भीतीचा गोळाही पोटातच येतो, कळकळ ही पोटतिडीक असते. धैर्य काळजात. आठवण तर चक्क तोंडात: पाठांतर झालं की ते तोंडपाठ, मुखोद्गत, कंठस्थ. इंग्रज मात्र 'बाय हार्ट' शिकतो, फ्रेंचांकडून घेतलेली ही बोलण्याची रीत. हृदय आणि 'हार्ट' एकाच मुळाचे. आणि बँकेतलं 'क्रेडिट' ज्या लॅटिन क्रियापदातून आलं, ते आपल्या 'श्रद्धा'चं भावंड. पतपेढीच्या दारात उभं राहून हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही, पण भाषाशास्त्रात हे नातं फार जुन्या काळापासून मान्य आहे.

एका शब्दाविषयी मात्र मला मनापासून वाईट वाटतं. 'मेंटल'. मुलं एकमेकांना सर्रास म्हणतात, 'मेंटल आहेस का?' इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ नुसता 'मनाचा' एवढाच. मेंटल हॉस्पिटलमधलं हॉस्पिटल गळलं आणि विशेषण तेवढं शिवी होऊन राहिलं. मनोरुग्णांविषयीच्या १९१२ च्या ब्रिटिशकालीन कायद्याच्या नावात 'लूनसी' होतं, लॅटिन 'लूना' म्हणजे चंद्र, त्यावरून. चंद्रकलेबरोबर वेड वाढतं ही समजूत तिकडेही होती आणि आपल्याकडेही अमावास्या-पौर्णिमेला आहेच. १९८७ च्या कायद्यात तो शब्द गेला, २०१७ च्या कायद्याचं तर नावच मानसिक आरोग्य सेवेचं. कायद्याने शब्द सुधारला, आपल्या अंगणात तो अजून दगडासारखा फेकला जातो. मी शिकवायला बसते तिथे तो शब्द शिवी म्हणून चालत नाही. 'मेंटल अॅरिथमेटिक' म्हणजे तोंडी हिशेब, 'मेंटल नोट' म्हणजे मनाशी केलेली नोंद, असे त्याचे खरे उपयोग मी मुलांकडून वाक्यात करून घेते.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आलं. त्याआधी आम्ही पाचवीत गेल्यावर एबीसीडी गिरवली, पण तोपर्यंत कानात मनाचे श्लोक बसलेले होते. समर्थांचे ते २०५ श्लोक भुजंगप्रयातात म्हणता म्हणता आम्हाला एक विभक्ती कुणी न शिकवता आली होती: संबोधन. 'मना' अशी हाक. आपल्याच मनाला बाजूला बसवून, त्याला नावाने बोलावून समजावायचं, ही रीत इथल्या हवेत आहे. स्टेशनवरून दिसणाऱ्या या डोंगरात बौद्ध भिक्खूंनी लेणी खोदून घेतली, त्यांत ब्राह्मी लिपीतले प्राकृत लेख आहेत. आणि ज्या धम्मपदाची पहिलीच गाथा मनाविषयी आहे, ते त्याच परंपरेचं. पुढे देहूचे तुकोबा एकांतासाठी भंडारा, भामचंद्र आणि या घोराड्याच्या डोंगरावर येत, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्यांच्या अभंगांतही मनाशी थेट बोलणं आहे. बहिणाबाई चौधरींनी तर मनाला उभ्या पिकात पुन्हा पुन्हा शिरणाऱ्या गुराची उपमा दिली. जे आपलं असून आपल्या ताब्यात नाही, त्याला हाकच मारावी लागते.

तांबड्या पेनाने मी शेवटी तिच्या वाक्याखाली एक रेघ मारली, खोडलं नाही. शेजारी लिहिलं: आज असं म्हणतात, 'आय थिंक इट विल रेन'. त्याखाली 'मीथिंक्स' लिहून वय चारशे वर्षांहून जास्त असं लिहिलं. तिने तिन्ही ओळी एकापाठोपाठ वाचल्या, मग बोट आपल्या वाक्यातल्या 'टू मी'वर ठेवलं आणि विचारलं, "काकू, म्हणजे माझं आधीचं आहे?"

बाहेर लोणावळ्याकडे जाणारी लोकल थांबून सुटली होती आणि डोंगराच्या बाजूने पहिले थेंब पत्र्यावर वाजायला लागले होते.